घरांतला सिंगल बार

पुण्याच्या जुन्या वाड्यांतून माजघराच्या तुळईला चार कड्या हमखास दिसत. त्यांत सांखळ्या अडकवून झोपाळा टांगीत, आणि त्या झोपाळ्यावर दोन-तीन प्रौढ माणसें व तितकींच मुलें एकाच वेळीं बसून झोके घेत, तरी तुळई कुरकुरत नसे. त्या कड्या बसविणाऱ्या सुताराला भारविज्ञान कोणीं शिकविलेलें नव्हतें. परंतु तुळई कोणत्या लांकडाची आहे, ती किती जाड आहे, भिंतींत किती आंत गेली आहे, कडीचा दांडा तुळईच्या आरपार काढून वर चाकी घालून ठोकतां येईल कीं नाहीं, हें तो आधीं पाही आणि मगच झोपाळ्याच्या फळीची गोष्ट काढी. आजच्या शहरांतील गृहस्थ व्यायामाचें साधन घरीं आणतांना नेमका उलटा क्रम धरतो. तो आधीं दांडा विकत घेतो, आणि दांडा हातीं आल्यावर घराकडे पाहूं लागतो.

ज्याला हल्लींचीं मुलें 'पुल-अप बार' म्हणतात, तो दांडा तालमींतून आणि शाळांच्या क्रीडांगणांवर 'सिंगल बार' या नांवानें पूर्वीपासून ओळखीचा आहे; दोन समांतर दांड्यांचा तो 'डबल बार'. लष्करभरतीच्या मैदानावर त्यालाच 'बीम' म्हणतात. युरोपांत या दांड्याचा प्रसार केला तो फ्रीड्रिख लुडविग यान या जर्मन शिक्षकानें. बर्लिनजवळ हासेनहाइड येथें त्यानें १८११ सालीं उघड्यावर व्यायामाची जागा तयार केली, आणि त्याच्या साधनांत हा आडवा दांडा होता. १८९६ सालीं अथेन्स येथें आधुनिक ऑलिंपिक सामन्यांना आरंभ झाला, तेव्हां त्यांतहि सिंगल बारच्या कसरतींची स्पर्धा झाली. हातांच्या बळावर सारें अंग तोलून धरण्याची कला महाराष्ट्राला मात्र परकी नव्हती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळांत बाळंभटदादा देवधरांनीं मलखांबाची जी विद्या नांवारूपास आणिली, तींत पकड, दंड आणि पाठ यांचेंच राज्य आहे. मलखांबापुढें सिंगल बार म्हणजे अगदीं गरीब साधन. एक पाइप आणि दोन आधार, एवढाच त्याचा संसार. म्हणूनच तो घरांत मावतो.

घरांत तो असावा असें वाटण्यास एक सबळ कारणहि आहे. जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार हे घरगुती व्यायाम महाराष्ट्रांत पुष्कळांच्या अंगवळणीं पडलेले आहेत. त्यांत ढकलणें आहे, वांकणें आहे, उठणें आहे. ओढणें मात्र नाहीं. पाठीचे रुंद स्नायू, खांद्यामागचे स्नायू आणि बोटांची पकड यांना पुरतें काम मिळावयाचें तर कांहीं तरी ओढलेंच पाहिजे, आणि ओढावयाला स्वतःच्या देहाइतकें सोयीचें वजन दुसरें नाहीं. दिवसभर मेजावर वांकलेला कारकून, संगणकासमोर खांदे पुढें टाकून बसणारी मुलगी आणि परीक्षेचा विद्यार्थी या तिघांनाहि ही उणीव सारखीच आहे.

दुसरें एक कारण घरोघरीं सांगितलें जातें, तें मात्र टिकणारें नाहीं. मुलाची उंची वाढावी म्हणून बार बसविला, असें सांगणारे आईबाप पुष्कळ आढळतात. हाडें लांब होतात तीं त्यांच्या टोंकांजवळच्या कूर्चेच्या थरांतून. हे थर मुलींत साधारणपणें १४ ते १६ आणि मुलांत १६ ते १८ वर्षांच्या सुमारास मिटतात, आणि तत्पूर्वीं लोंबकळल्यानें त्यांच्या वाढीला वेग येत नाहीं. लोंबकळून उतरलेला माणूस क्षणभर किंचित् उंच भरतो, तो पाठीच्या मणक्यांमधील चकत्यांवरचा दाब हलका झाल्यामुळें. सकाळीं उठतांना प्रत्येकजण आदल्या रात्रीपेक्षां सुमारें एक सेंटिमीटर उंच असतो, त्याचेंहि कारण हेंच. आणि दिवस मावळेपर्यंत ती मिळकत संपलेली असते. उंचीच्या आशेनें बसविलेला बार सहा महिन्यांत पंचे वाळविण्याच्या कामीं लागतो, तो निराशेमुळें.

पुण्याच्या उपनगरांतील एका घरचा अनुभव येथें नमुन्यादाखल घेण्यासारखा आहे. घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मधून जाणारा बोळ. माणसें पांच. सोळा वर्षांच्या मुलानें सैन्यांत जाण्याचें मनावर घेतलेलें. वडिलांनीं त्याच्या वाढदिवशीं लांबी कमीजास्त करतां येणारा दांडा मागविला. एकींत एक सरकणाऱ्या दोन नळ्या, दोन्ही टोंकांना रबराच्या टोप्या. दाराच्या चौकटींत तो आडवा धरावयाचा आणि नळी पिळावयाची, म्हणजे आंतल्या मळसूत्रानें लांबी वाढून टोंकें चौकटीला दाबून बसतात. भोंक नको, खिळा नको, सुतार नको. वेष्टनावर १५० किलोंचा आंकडा छापलेला होता, आणि मुलाचें वजन ५७ किलो. सात दिवस सर्व यथास्थित चाललें. आठव्या दिवशीं मुलगा सहाव्यांदा हनुवटी वर नेऊन खालीं येत असतां दांडा एका टोंकाकडून सुटला, आणि पाय मुडपलेल्या स्थितींत तो फरशीवर पाठीवर आला. डोकें उंबरठ्यापासून चार बोटांवर पडलें. माकडहाडाला असा मार बसला कीं, तीन आठवडे त्याला वर्गांतल्या बांकावर नीट बसतां आलें नाहीं. आईनें दांडा माळ्यावर टाकला आणि हा प्रकार या घरांत पुन्हां नको, असें बजावलें.

दांडा मोडला नव्हता. त्यावर छापलेला आंकडाहि कदाचित् खरा असेल. पण तो आंकडा नळीचा होता. चौकटीचा नव्हता, आणि नळी व चौकट यांच्यामधल्या रबराचा तर नव्हताच. केवळ दाबावर टिकणारा दांडा वर राहतो तो घर्षणाच्या आधारानें. ७० किलोंचा माणूस लोंबकळला कीं प्रत्येक टोंकावर ३५ किलोंचा भार येतो. रबर आणि रंगविलेलें लांकूड यांमधील घर्षणाचा गुणक अर्धा धरला, तर हा भार तोलण्यासाठीं प्रत्येक टोंकानें चौकटीवर ७० किलोंचा आडवा रेटा सतत दिला पाहिजे. रबरावर धूळ बसली किंवा चौकटीवर पॉलिशचा गुळगुळीत थर असला तर गुणक घटतो, आणि तितका रेटा वाढवावा लागतो. हा रेटा सोसणार कोण? वाड्यांतील सागवानी चौकट चांगली जाडजूड असे आणि तिच्या दोहों बाजूंस हातभर रुंदीची भिंत असे. नव्या इमारतींतील चौकट अडीच-तीन इंचांची, ती चार इंची भिंतींत थोड्याशा लोखंडी पट्ट्यांनीं धरलेली. ती रेट्याखालीं किंचित् फांकते, आणि ती जितकी फांकते तितका दांडा सैल होतो. शिवाय लोंबकळतांना मनगटांचा पीळ नळीला बसतो. तो उलट दिशेचा असला तर मळसूत्र आपलें आपण उलगडत जातें. आठव्या दिवशीं जें घडलें तें पहिल्या सात दिवसांत थोडें थोडें घडतच होतें; कोणीं हात लावून पाहिलें नाहीं इतकेंच.

या जातीचा दांडा सर्वस्वीं टाकाऊ आहे, असें नव्हे. चौकट भरीव लांकडाची असेल, तर दांड्याच्या टोंकांखालीं लोखंडी वाट्या स्क्रूनें पक्क्या कराव्यात, म्हणजे भार घर्षणावर न राहतां स्क्रूंवर जातो आणि दांडा सुटला तरी वाटींतच राहतो. कांहीं दांड्यांबरोबर अशा वाट्या येतातहि. चौकटीला भोंकें पडतील म्हणून लोक त्या डब्यांतच ठेवतात! पोकळ किंवा भुशाच्या चौकटीला मात्र स्क्रू धरत नाहीं, आणि न्हाणीघराच्या दगडी चौकटीवर हा प्रयोगच करूं नये.

दुसरी जात परदेशी चित्रांतून येथें आलेली आहे. भोंक न पाडतां चौकटीच्या वरच्या कडेवर मागचा भाग टेकवावयाचा आणि पुढचा दांडा दारासमोर लोंबता राहतो, अशी तिची रचना असते. माणूस लोंबकळला कीं तरफेच्या नियमानें ती अधिकच घट्ट बसते. रचना खरोखर चतुर आहे. पण ती अमेरिकेंतील घरांसाठीं आहे. तेथें दाराभोंवतीं भिंतीच्या बाहेर उठून आलेली लांकडी पट्टी बसविण्याची पद्धति आहे आणि तिच्या माथ्यावर हें साधन टेकतें. येथील बहुतेक घरांत गिलावा थेट चौकटीला येऊन मिळतो. टेकावयाला कडाच नाहीं, तर साधन टेकणार कशावर? जेथें शोभेसाठीं पट्टी असते, तेथेंहि ती बारीक खिळ्यांनीं मारलेली असते.

चौकटीच्या उंचीचाहि विचार करावा लागतो. दार सामान्यतः ७ फूट उंच असतें. हनुवटी दांड्याच्या वर जावयाची म्हणजे दांड्याच्या वर किमान एक फूट जागा मोकळी हवी, नाहीं तर टाळू चौकटीवर आदळते. म्हणजे दांडा जमिनीपासून ६ फुटांवर येतो. साडेपांच फूट उंचीच्या माणसाला तेथें गुडघे मुडपूनच लोंबकळावें लागतें, आणि मुडपलेल्या गुडघ्यांनीं पडणारा माणूस पायांवर पडत नाहीं. रात्रीं अंधारांत पाणी प्यावयास उठणाऱ्या उंच पाहुण्याचें कपाळ हा आणखी निराळाच प्रश्न आहे.

तेव्हां चौकट सोडून भिंतीकडे वळावें. पण भिंत भिंतीसारखी असली तरी सर्व भिंती सारख्या नसतात, आणि रंग दिल्यावर त्यांतला भेद डोळ्यांना दिसत नाहीं. तो कानांना थोडा आणि हातांना पुष्कळ कळतो. भिंतीवर बोटाच्या सांध्यानें किंवा किल्लीनें ठोकून पाहावें. भरीव भिंतीचा आवाज आंतल्या आंत मरतो, पोकळ पडद्याचा डबडब येतो. खरी साक्ष देते ती ड्रिलची भुकटी. आरंभीं अर्धा-पाऊण इंच गिलाव्याची करडी भुकटी पडते. तिच्यावरून निर्णय करूं नये. त्यानंतर तांबडी भुकटी आली तर भिंत भाजलेल्या विटांची. पांढुरकी, पिठासारखी मऊ भुकटी आली आणि ड्रिल लोण्यांत गेल्यासारखा गेला, तर ते हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे, ज्यांना कारागीर सर्रास 'सिपोरेक्स' म्हणतात. करड्या भुकटीबरोबर ड्रिल रखडूं लागला आणि तापला, तर आंत काँक्रीट आहे. तो इमारतीचा खांब किंवा तुळई असेल, अथवा अल्युमिनियमच्या सांच्यांत ओतून बांधलेल्या नव्या इमारतींत सबंध भिंतच तशी असेल. काँक्रीटमध्यें सळई लागली तर भोंक तेथेंच सोडून बाजूस सरकावें. सळई कापून पुढें जाणारा कारागीर घरांत ठेवूं नये.

विजेच्या बटणांच्या पाटीपासून सरळ वर व सरळ आडवी जी रेघ जाते, तिच्यावर भोंक पाडूं नये. तारांच्या नळ्या बहुधा त्याच मार्गानें नेलेल्या असतात. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीच्या पोटांत पाण्याचे नळ असतात.

आतां भिंतीवर बसवावयाच्या दांड्यांत सर्वांत भक्कम दिसणारा प्रकार म्हणजे त्रिकोणी आधारांवर भिंतीपासून पुढें आलेला दांडा. पाहणाऱ्याला तो भक्कम वाटतो, आणि भिंतीला तोच सर्वांत जड जातो. याचें गणित सोपें आहे. समजा, दांडा भिंतीपासून ५५ सेंटिमीटर पुढें आहे आणि आधाराच्या वरच्या व खालच्या बोल्टांत ३० सेंटिमीटर अंतर आहे. ७५ किलोंचा माणूस अगदीं शांतपणें लोंबकळला तरी वरच्या बोल्टांना भिंतींतून उपटूं पाहणारा जोर ७५ गुणिले ५५ भागिले ३०, म्हणजे सुमारें १३८ किलो होतो. माणसाच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट! तो झटक्यानें खालीं आला तर हाच जोर आणखी दुप्पट होऊं शकतो. बोल्टाची प्रकृति अशी आहे कीं, भिंतीला समांतर खालीं दाबणारें ओझें तो सहज वाहतो, पण सरळ बाहेर ओढणाऱ्या जोरापुढें तो आपल्या भोंवतालच्या विटेइतकाच बळकट असतो. काँक्रीटच्या तुळईंत वा खांबांत १० मिलिमीटरचे चांगले अँकर बोल्ट हें काम करतील. नऊ इंची विटांच्या भिंतींत, विटेच्या मध्यावर भोंक घेऊन, दर्जा टाळून आणि भिंतीच्या कडेपासून दूर राहून तें साधेल. चार इंची भिंतींत त्याची आशा धरूं नये. सिपोरेक्सच्या ठोकळ्यांत तर पसरून घट्ट होणारा बोल्ट आपल्याच जोरानें ठोकळ्याला तडा देतो; तेथें बोल्ट भिंतीच्या आरपार काढून पलीकडून लोखंडी पट्टी घालून आवळणें हाच खरा मार्ग, आणि पलीकडे शेजाऱ्याचें दिवाणखाना असेल तर तोहि बंद.

वाड्यांतला सुतार हेंच करी; कडीचा दांडा तो तुळईच्या आरपार काढून वर चाकी घाली.

छताच्या स्लॅबला दांडा टांगण्याची कल्पना पुष्कळांना सुचते. बोल्टांवर तेथें सरळ ओढ असते, पण ती तरफेनें वाढत नाहीं, हा तिचा गुण. मात्र स्लॅब चार-पांच इंचांचा, त्यांत खालच्या अंगाला सळ्या, आणि सळ्यांच्या जवळून पंख्याकडे जाणाऱ्या तारांच्या नळ्या. म्हणजे भोंक घ्यावयाचें तें जपून. ज्या छताचे पोपडे निघाले आहेत, ज्यावर तांबूस डाग उठले आहेत, विशेषतः मुंबईच्या खाऱ्या हवेंतील जुन्या इमारतींत, तेथें आंतली सळई गंजून फुगलेली असते. त्या छताला हात लावूं नये. पंख्याच्या हुकाला कडी अडकवून लोंबकळणारेहि वीर आहेत. तो हूक पंख्यासाठीं घातलेला असतो, माणसासाठीं नव्हे. तीच गोष्ट खिडकीच्या ग्रिलची, गॅलरीच्या कठड्याची आणि स्वयंपाकघरावरच्या माळ्याच्या कडेची.

राहतां राहिली ती जागा घरांत सर्वांत दुर्लक्षित असते. ती म्हणजे बोळ. तीन-साडेतीन फुटांच्या अंतरानें समोरासमोर उभ्या असलेल्या दोन भिंतींमध्यें पाइप आडवा टाकला, तर माणसाचा भार दोन टोंकांवर निम्मा निम्मा वांटला जातो आणि तो भिंतीला समांतर, सरळ खालीं जातो. बोल्टाला उपटणारा कोणी उरत नाहीं. ७५ किलोंचे दोन भाग साडेसदतीस किलोंचे. प्रत्येक टोंकाला चार बोल्ट घातले तर एका बोल्टावर दहा किलोहि येत नाहींत. झटक्यासाठीं दुप्पट धरले तरी वीसच्या आंत. ज्या चार इंची भिंतीवर पुढें आलेला त्रिकोणी आधार टिकला नसता, ती विटांची भिंत हा भार निमूटपणें वाहते. बोळावर माळा नसेल आणि छत ९ फुटांवर असेल तर पाइप सव्वासात फुटांवर घेतां येतो. डोक्याला वर जागा राहते, साडेपांच फूट उंचीच्या माणसाला पाय सरळ ठेवून लोंबकळतां येतें, आणि खालून जाणाऱ्याचें कपाळहि वांचतें. फिरता पंखा बोळांत बहुधा नसतो, हा तर मोठाच लाभ. खोलींत दांडा बसविणाऱ्यानें पंख्याच्या पात्यांपासून उगारलेला हात किती दूर राहतो, हें पंखा बंद ठेवून आधीं मोजून घ्यावें.

यासाठीं तयार दांडा विकत घेण्याचीहि गरज नाहीं. नळाचें सामान विकणाऱ्या दुकानांत 'एक इंची जी. आय. पाइप' मागावा. येथें एक गंमत लक्षांत ठेवावी लागते. पाइपाचें इंचाचें माप त्याच्या पोकळीचें असतें. एक इंची पाइप बाहेरून जवळजवळ ३४ मिलिमीटर भरतो. प्रौढ माणसाच्या मुठीला तो बरोबर बसतो. स्पर्धेंतला सिंगल बार २८ मिलिमीटरचा असतो, पण तो भरीव पोलादी असतो. तेवढ्या जाडीसाठीं पाऊण इंची पाइप घ्यावा असा मोह होतो. परंतु हलक्या जातीचा पाऊण इंची पाइप एक मीटर अंतरावर टेकवून मध्यें ८० किलोंचा माणूस लोंबकळला, तर तो कायमचा वांकण्याच्या सीमेवर येतो. एक इंची मध्यम जातीचा पाइप त्याच भाराखालीं आपल्या शक्तीच्या निम्म्याच्या आसपास राहतो. पिंवळा पट्टा असलेला पाइप हलका, निळ्या पट्ट्याचा मध्यम आणि तांबड्या पट्ट्याचा जड. निळा घ्यावा, आणि दुकानदारानें पिंवळ्याची कितीहि स्तुति केली तरी निळाच घ्यावा.

आधारासाठीं वेल्डिंग करणाऱ्याकडून चार इंच चौरस, ६ मिलिमीटर जाडीच्या दोन लोखंडी पट्ट्या करून घ्याव्यात; प्रत्येकीला चार कोपऱ्यांत चार भोंकें. सव्वा इंची पाइपाचा दीड-दोन इंच लांबीचा तुकडा तिच्यावर आडवा वेल्ड करावा आणि त्याची वरची बाजू कापून मोकळी ठेवावी, म्हणजे एक इंची पाइप वरून त्यांत अलगद उतरतो आणि हवा तेव्हां उचलून घेतां येतो. पाइप हातांत गरकन् फिरूं नये व चुकून वर उचलला जाऊं नये यासाठीं एका बाजूला पाइप व आधार यांतून आरपार एक खीळ घालावी. पट्ट्या भिंतीवर धरून पेन्सिलीनें खुणा करण्यापूर्वीं दोन्हींची पातळी पाण्याच्या नळीनें किंवा लेव्हलनें जुळवावी. घराची फरशी सपाट असतेच असें नाहीं, म्हणून जमिनीपासून मोजलेल्या उंचीवर विसंबूं नये. बोल्टाची लांबी ठरवितांना गिलाव्याची जाडी हिशेबांतून वगळावी. भोंक पाडल्यावर आंतली भुकटी फुंकून किंवा बारीक ब्रशानें पुरती काढावी. भुकटीवर बसविलेला बोल्ट आज घट्ट लागतो आणि महिन्यानें हलतो. सर्व मिळून एका सुट्टीच्या सकाळचें काम.

काम झाल्यावर लगेच कोणीं उडी मारून लोंबकळूं नये. प्रथम पाय स्टुलावर ठेवून निम्में अंग सोडावें, मग पुरतें, मग घरांतल्या सर्वांत वजनदार माणसानें हलके हलके हिसके देऊन पाहावें. पहिल्या आठवड्यानंतर नट पुन्हां आवळावेत आणि पट्टीच्या कडेनें गिलाव्याला केसासारखी भेग गेली आहे काय, हें उजेड धरून पाहावें. खालीं जुनी गादी किंवा सतरंजीची जाड घडी असावी. चढावयाला प्लास्टिकची खुर्ची घेऊं नये. लहान मुलें दांड्याला झोपाळा समजतात आणि त्यांचे झोके आधारांना आडवे हिसके देतात; म्हणून व्यायाम संपल्यावर पाइप उचलून कोपऱ्यांत उभा करून ठेवणें बरें. ज्याचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा खांदा पूर्वीं निखळलेला आहे, त्यानें आधीं वैद्यकीय सल्ला घ्यावा. नवशिक्यानें पहिले पंधरा दिवस नुसतें लोंबकळावें, मग स्टुलावरून वर जाऊन सावकाश खालीं उतरावें. वर जाण्यापेक्षां सावकाश खालीं येण्यानेंच आरंभीं अधिक बळ मिळतें.

भाड्याच्या घरीं राहणाऱ्यानें भोंकांविषयीं मालकाला आधीं विचारावें. त्याची संमति नसेल तर पायावर उभा राहणारा लोखंडी सांगाडा हा एक पर्याय आहे. तो जागा अडवितो, हलका असेल तर डुलतो, आणि एकदां घडी करून ठेवला कीं पुन्हां उघडत नाहीं. त्यापेक्षां जवळच्या बागेंत व्यायामाचीं साधनें बसविलेलीं असतील तर सकाळीं तेथें जाणें चांगलें.

ज्या घरीं दांडा माळ्यावर गेला होता, तेथें दोन महिन्यांनीं हीच सर्व चर्चा झाली. मुलाच्या आजोबांचें बाळपण वाड्यांत गेलेलें. त्यांनीं किल्ल्यांचा जुडगा घेऊन बोळाच्या दोन्ही भिंती हातभर अंतरानें वाजवीत नेल्या. नातू म्हणाला, "आजोबा, एका पाइपासाठीं एवढी तपासणी?" तेव्हां ते म्हणाले, "अरे, तुझ्या पणजीनें झोपाळा टांगतांना सुताराला तुळईवर चढवून वरची चाकी बघायला लावली होती. मग बसली ती." ड्रिलची भुकटी तांबडी निघाली. मुलाच्या आईनें तें काम उभें राहून पाहिलें, शेवटचा नट आवळल्यावर स्वतः दोन्ही हातांनीं पाइप ओढून पाहिला आणि मगच मुलाला हात लावूं दिला. त्या दिवशीं तो वीस सेकंद नुसता लोंबकळला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आजीनें आपलें ओलें लुगडें त्या पाइपावर वाळत घातलें. बोळांत वारा चांगला येतो, असें तिचें म्हणणें पडलें. त्यावर घरांत असा तह झाला कीं, सकाळीं सातपर्यंत पाइप मुलाचा आणि सातनंतर आजीचा.